हातमोजे घालून बघायचं इंजिन

अमेरिकेहून आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "नायगारा बघितला का?" नाही बघितला. तीन महिने राहिले आणि सांगण्यासारखा प्रवास केला तो ओहायो राज्यातल्या एका आडगावी, एक इंजिन आणायला. हे ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात. पुढचं सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि चहा गार होतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आधी माझ्याबद्दल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. झिजलेली इंजिनं येतात, त्यांचे सिलिंडर आतून तासून आम्ही परत चालण्याजोगे करून देतो. ट्रकची, ट्रॅक्टरची, विहिरीवरच्या पंपांची. मिस्टर गेल्यापासून बावीस वर्षं मीच ते चालवते. इतक्या वर्षांत माझ्या दारात इंजिन आलं ते चालण्यासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

बहिणीचा मुलगा आशुतोष, आमचा आशू, न्यू जर्सीत पार्सिपनीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागली की तो माझ्याकडे. बाकीची मुलं रंकाळ्यावर भेळ खायला जायची आणि हा वर्कशॉपच्या कोपऱ्यात रॉकेलच्या घमेल्यात पिस्टन धूत बसायचा. बहिणीला दाखवण्याआधी मला त्याला कोपरापर्यंत घासून काढावं लागायचं. त्यामुळे २००६च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, "मावशी, मला अ‍ॅलॉट झालं!" तेव्हा मी म्हटलं, "फ्लॅट?" तर म्हणाला, "इंजिन!" मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

भानगड अशी होती. साठाच्या दशकात तिकडे दांडग्या गाड्या निघत, मसल कार म्हणतात त्यांना. आठ सिलिंडरचं इंजिन, अंगात नुसती रग. त्यातलं एक गाजलेलं इंजिन एका कंपनीनं जुन्या नकाशांवरून पुन्हा ओतून काढलं होतं. फक्त दोनशे नग, प्रत्येकावर नंबर. मागणारे ढीगभर, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. आशूला एकशेचाळीस नंबर लागला. "तू येच," म्हणाला, "आपण दोघं जाऊन आणू." मी तिकीट काढलं.

पार्सिपनी

आशूच्या शेजारी वॉल्टर नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ राहतात. मी त्यांना वॉल्टरराव म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. त्यांच्या गॅरेजमध्ये निळ्या रंगाची जुनी मसल कार उभी होती, पुसून लखलखीत. बॉनेट उघडलं तर आत पोकळी. बायको हॉस्पिटलात होती त्या हिवाळ्यात इंजिनातलं पाणी काढायचं राहून गेलं, ते गोठलं, आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य ओतीव अंग, उभा चिरला. हे मला त्यांनी हातवाऱ्यांनीच सांगितलं आणि मला सगळं कळलं. चिरलेला ब्लॉक मी पण बघितलाय.

वॉल्टररावांनीही चिठ्ठी टाकली होती. नंबर लागला नाही. त्यांचे डोळे अधू होत चालले होते. बर्फ पडायला लागलं की लायसन्स परत करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर ती गाडी एकदा चालवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. आशूची गाडी इंजिन आणायला लहान पडत होती, म्हणून वॉल्टरराव आपला पिकअप ट्रक घेऊन निघाले. मी मनात सरळ हिशेब मांडला. आशूकडे इंजिन आहे, ते बसेल अशी गाडी नाही. वॉल्टररावांकडे गाडी आहे, इंजिन नाही. तेव्हा इंजिन निळ्या गाडीत बसणार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण यात सांगण्यासारखं होतं काय?

शुक्रवार, रूट ८०

पार्सिपनीपासून पश्चिमेला सरळ एकच रस्ता, रूट ८०. पेनसिल्व्हेनिया लागलं की डोंगर सुरू होतात, आणि सप्टेंबर अखेरीला त्या डोंगरांची पानं पिवळी, तांबडी व्हायला लागलेली असतात. आंबा घाट मी शेकडो वेळा उतरले आहे, पण झाडं अशी रंगलेली कधी बघितली नव्हती. रस्ता इतका गुळगुळीत की पोटातलं पाणी हलत नाही. आमच्या ट्रकवाल्यांना असा रस्ता मिळाला तर माझं वर्कशॉप बंद पडेल.

आशूच्या बायकोनं, रेणुकानं, धपाटे बांधून दिले होते. दुपारी एका थांब्यावर गाडीच्या मागच्या फळीवर बसून आम्ही ते खाल्ले. वॉल्टररावांनी शेंगदाण्याची चटणी साखरेसारखी तोंडात टाकली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी घाबरले. तर यांनी डोळे पुसले आणि परत हात पुढे केला.

तिथं बसल्या बसल्या आशूनं मला सांगितलं की वॉल्टरराव तरुणपणी ज्या कारखान्यात होते, तिथंच ही मूळ इंजिनं तयार होत. आणि त्यांचं काम काय? सिलिंडर बोअरिंग! मी जागेवरून उठलेच. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण कोल्हापुरात आम्ही "वीस थाऊ, चाळीस थाऊ" असंच मापतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ते ऐकून वॉल्टरराव खूश झाले. पुढचे शंभर मैल आम्ही थाऊ या एका शब्दावर गप्पा मारल्या. आशू भाषांतर करून थकला.

शनिवार, ओहायो

कारखाना म्हणून मी जुनी साडी नेसले होते, काळे डाग पडले तरी चालेल अशी. तिथं गेले तर पायाखाली गालिचा. तेलाचा वास नाही, लोखंडाचा कीस नाही, आवाज नाही. काळ्या चौथऱ्यांवर इंजिनं मांडलेली, वरून दिवे सोडलेले. कोट घातलेले लोक हातात उंच ग्लास घेऊन फिरत होते. चार बाजूंना मखमली दोर. नंबर लागलेला माणूस आणि त्याचा एक पाहुणा, एवढ्यांनीच दोराच्या आत जायचं. आशूची पाहुणी मी. ज्यानं मूळची इंजिनं स्वतःच्या हातांनी तासली, तो माणूस टोपी हातात धरून दोराबाहेर उभा. मी म्हटलं, "आशू, त्यांना सांग हे कोण आहेत ते." आशू म्हणाला, "मावशी, रूल आहे यार, इथे असं नाही करता येत." माझ्या रागाची पहिली ठिणगी तिथं पडली.

मग एका तरुण मुलीनं आम्हाला पांढरे सुती हातमोजे दिले. म्हटलं, आता काम करायचंय वाटतं. तर ते इंजिनाला हात लावायला! इंजिनाला तेलाचा हात लागू नये म्हणून! तेलाशिवाय इंजिन म्हणजे काय असतं, हे त्या पोरीला कुणीतरी सांगायला हवं होतं.

एक कोटवाले गृहस्थ पुढे आले आणि आशूच्या हातात जाड कागदाचं सर्टिफिकेट दिलं. इंजिनावर पितळी पट्टी होती, तिच्यावर नंबर आणि कुणा बड्या साहेबाची कोरलेली सही. मी आशूला म्हटलं, "विचार, सुरू करून कधी दाखवणार?" आमच्याकडे पाच हॉर्सपॉवरचा पंप घेणारा शेतकरीसुद्धा आवाज ऐकल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. आशू विचारायला लाजला. मग मीच म्हटलं, "स्टार्ट? यू स्टार्ट?" आणि हातानं किल्ली फिरवून दाखवली. कोटवाले हसले. आजूबाजूचेही हसले, म्हातारीनं काहीतरी गोड विचारलं म्हणून हसतात तसे. आशूनं मला हळूच सांगितलं, "ते म्हणतायत, हा प्रश्न आजपर्यंत कुणीच विचारला नव्हता."

कुणीच नाही! दोनशे माणसं इंजिन घेतात आणि एकालाही त्याचा आवाज ऐकावासा वाटत नाही. मी हातमोजे काढून त्या चौथऱ्यावर ठेवले आणि बाहेर जाऊन वॉल्टररावांजवळ उभी राहिले.

इंजिन लाकडी पेटीत बंद झालं, झाकणावर चकचकीत पट्टी चिकटवली गेली आणि यंत्रानं पेटी ट्रकवर चढवली. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "चढवणार कधी?" आशू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बघू." मला वाटलं दमलाय.

रविवार, पेनसिल्व्हेनिया

तो दिवस खंडेनवमीचा होता. वर्कशॉप चालवणाऱ्या घरात खंडेनवमी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. लेथ, ड्रिल, बोअरिंग मशीन, अगदी पान्यांचीसुद्धा पूजा होते. बावीस वर्षांत माझी एकही खंडेनवमी चुकली नव्हती. तारीख आधीच बघून मी पार्सिपनीहून नारळ बरोबर घेतला होता. हळदकुंकू तर पर्समध्ये असतंच.

सकाळी आशू आंघोळीला गेला तेव्हा मी खाली आले. मोटेलच्या दारात कुंड्यांमधून शेवंती फुललेली होती. त्या दिवसांत तिथं घरोघरी भोपळे आणि शेवंती मांडतात. मी ऑफिसातल्या बाईला खुणेनं विचारून चार फुलं घेतली. वॉल्टरराव ट्रकपाशी कॉफी पीत उभे होते. मी पेटीकडे बोट दाखवलं, झाकण उघडल्याची खूण केली, नमस्कार करून दाखवला. त्यांनी त्या चकचकीत पट्टीकडे बघितलं, मग मोटेलच्या दाराकडे बघितलं. आणि अवजारांच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी पहार काढून माझ्या हातात दिली.

बंद खोक्याची पूजा कोण करतं? शिवाय ट्रान्सपोर्टनं आलेला माल उघडून बघितल्याशिवाय आम्ही पावतीवर सहीसुद्धा करत नाही. पट्टी टर्रकन फाटली. झाकण निघालं. मी ब्लॉकला हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, फुटपाथच्या काठावर नारळ फोडून पाणी शिंपडलं. वॉल्टररावांनी टोपी काढली होती. तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"मावशी! सील! तू सील तोडलंस?"

आशू ओल्या केसांनी पळत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "संपलं सगळं! अनओपन्ड हवं होतं ते, फॅक्टरी सील्ड! ओपन केलं की त्याला कोण विचारतं यार?"

"उघडायचं नव्हतं तर चढवणार कसं होतास?"

"चढवायचं नव्हतंच! तसंच ठेवायचं होतं, पेटीत. कलेक्टिबल आहे ते."

"आणि वॉल्टररावांची गाडी?"

त्यानं फाटलेली पट्टी उचलून हातात घेतली. वॉल्टरराव आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून हा माणूस चारशे मैल ट्रक हाकत आला होता, निदान इंजिनाच्या जवळ राहायला मिळावं म्हणून. आणि पट्टी म्हणजे काय हे ठाऊक असूनच त्यांनी पहार माझ्या हातात दिली होती.

मग मी जी सुटले ती सुटले. मोटेलच्या आवारात, साडीला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या, कोल्हापुरी आवाजात. "पिस्टन धुवून धुवून तुझ्या नखांतली काजळी चार-चार दिवस जायची नाही, आणि आज तुला इंजिन पेटीत पुरून ठेवायचंय? इंजिन आहे की कुणाचं प्रेत? चालू न करता जन्मभर ठेवायचं होतं तर लाकडाचं करून घ्यायचं होतंस, कुंभारवाड्यात मातीचं मिळालं असतं!" शेजारच्या खोलीतल्या जोडप्यानं पडदा लावून घेतला.

आशूही माझाच भाचा. तो म्हणाला, "तुझ्या काचेच्या कपाटात सहा कप आहेत ना, सोनेरी काठाचे? लग्नातले. त्यातून कुणी चहा प्यायलाय आजपर्यंत?"

ते खरंच होतं, आणि त्यामुळे राग आणखी वाढला. हाताला काहीतरी करायला हवं म्हणून मी इंजिनाच्या पुढच्या बाजूचं प्लास्टिकचं बूच उपटलं. तिथून पाणी आत फिरतं, इंजिन गार ठेवायला. सवयीनं आत बोट घातलं. बोटाला खरखर लागलं. बाहेर काढलं तर वाळू. ओतकामाच्या साच्याची काळी, भाजलेली वाळू. मी परत बोट घातलं आणि मूठभर काढून पेटीच्या झाकणावर ओतली. आमच्याकडे शिरोलीच्या फाउंड्रीत असा ब्लॉक बाहेर पडला तर फोरमन दुसऱ्या दिवशी कामावर दिसणार नाही. हे इंजिन सुरू केलं असतं तर दहा मिनिटांत तापून बसलं असतं.

वॉल्टररावांनी ती वाळू चिमटीत घेतली, चोळली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. आशूनं नंतर भाषांतर केलं: "आमच्या वेळी हे माझ्या हाताखालून गेलं नसतं."

चालवायचंच नाही, मग साफ कशाला करा? पितळी पट्टी चकचकीत, सही झकास, गालिचा, हातमोजे, आणि पोटात वाळू. या गोष्टीचा संताप मला आज लिहितानाही येतोय.

उरलेल्या रस्त्यात राहिलेल्या धपाट्यांची पुरचुंडी कुणी सोडली नाही.

पुन्हा पार्सिपनी

आठवडाभर आशू माझ्याशी कामापुरतं बोलला. पेटी वॉल्टररावांच्या गॅरेजमध्ये उतरवली होती, कारण कप्पी तिथंच होती. मी दुपारी तिकडे जाऊन इंजिनाकडे बघत बसायची. वॉल्टरराव कॉफी करायचे. झाडांची पानं गळायला लागली होती आणि ते रोज आभाळाकडे बघायचे. दुसऱ्याची वस्तू म्हणून आम्ही तिला हात लावला नाही.

आशूनं कंपनीला फोन केला. वाळूची तक्रार केली, फोटो पाठवले. शुक्रवारी संध्याकाळी त्याला उत्तराचा फोन आला. जेवण अर्धं टाकून तो बाहेर जाऊन बोलला आणि परत आला तो ताट बाजूला सारून बसला.

रेणुकानं विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, क्रेट परत पाठवा, आम्ही री-सील करून देतो. नवीन सर्टिफिकेट. नंबर तोच."

"मग छान की! प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला."

"मी विचारलं, वाळू काढणार ना? तर म्हणतो, त्याची काय गरज आहे सर? सील केल्यावर आत कोण बघणार आहे?"

मी त्याचं ताट नुसतं गरम करून पुढ्यात ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

शनिवारी सकाळी मी वॉल्टररावांकडे बसले होते. गॅरेजच्या दारात आशू येऊन उभा राहिला. जुनी फाटकी ट्रॅकपँट, रंग उडालेला टी-शर्ट. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, रॉकेल लागेल ना? इथे केरोसीन म्हणतात. किती आणू?"

दोन कॅन आणले. पुढचे तीन आठवडे तो ऑफिसहून आला की कपडे बदलून थेट गॅरेजमध्ये यायचा. आम्ही इंजिन सुटं केलं, ब्लॉक धुतला, फुंकला, परत धुतला. एकूण दीड डबा वाळू निघाली. सिलिंडरची मापं वॉल्टररावांनी घेतली. डोळ्यांना आकडा दिसत नव्हता, तो मी वाचायची, पण गेज कुठे अडतंय हे त्यांच्या बोटांना माझ्या आधी कळायचं. दोन सिलिंडर दोन थाऊंनी चुकले होते. ते मी आणि त्यांनी मिळून हातानं घासून मापात आणले. पितळी पट्टी काढायची का, असं आशूनं विचारलं. मी म्हटलं, "असू दे, ओळख पटेल कुणाची करामत होती ते."

माझ्या विमानाच्या आदल्या दिवशी इंजिन निळ्या गाडीत बसलेलं होतं. वॉल्टररावांनी किल्ली फिरवली. दोनदा नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा पेटलं, आणि असा आवाज आला की गॅरेजच्या भिंतीवरचे पाने थरथरले. समोरच्या घरातले गृहस्थ तक्रार करायला आले आणि तिथंच उभे राहून ऐकू लागले. आशू माझ्याकडे बघून हसत होता. त्याच्या नाकावर ग्रीस लागलं होतं. मी पदरानं डोळे पुसले, आणि पुसले ते कशासाठी हे कुणी विचारलं नाही.

वॉल्टररावांनी माझ्यासाठी दार उघडलं. गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. एका वळणावर त्यांनी पाय जरा जास्तच दाबला. मी दाराची कडी घट्ट धरली आणि अंबाबाईचं नाव घेतलं. परत आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. मग उतरले आणि किल्ली आशूच्या हातात दिली. ते इंग्रजीत बोलले ते मला समजलं. इंजिन तुझं आहे, गाडीही तूच ठेव, पण उभी ठेवू नकोस.

मी कोल्हापूरला आले. आल्या आल्या कपाटातले सोनेरी काठाचे कप काढले. एक त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये फुटला. उरलेले पाच रोज वापरात आहेत.

गेल्या रविवारी आशूचा फोन आला. वॉल्टररावांनी लायसन्स परत केलंय. आता दर रविवारी ते शेजारच्या सीटवर बसतात आणि आशू गाडी चालवतो. कुठला गिअर कधी टाकायचा ते डोळे मिटून आवाजावरून सांगतात, आणि आशूनं चूक केली की रागावतात.

"आणि मावशी, पाचशे मैल झाले. काल पहिलं ऑइल चेंज केलं. मीच केलं, मेकॅनिककडे नाही नेली."

"कसं निघालं ऑइल?" मी विचारलं.

"काळंकुट्ट! चालत्या इंजिनाचं निघतं तसं."